कवटीच्या मापांपासून दुधाच्या दातांपर्यंत : इनामगावच्या सांगाड्यांमागचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगातील शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले आणि त्या घरांच्या जमिनी उकरताना बहुतेक ठिकाणी एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसू लागले. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली असत आणि त्यांच्या आत तान्ह्या मुलाची नाजूक हाडे असत. जेवणखाण आणि झोपणे जिथे होई त्याच जमिनीखाली घरातले गेलेले मूल ठेवले जाई. प्रौढांना खड्ड्यात उत्तरेकडे डोके करून उताणे निजवलेले असे आणि त्यांच्या पायांची घोट्यांखालची हाडे बहुधा जागेवर नसत, कारण पुरण्यापूर्वी पावले तोडण्याची रीत होती. मेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये, किंवा भूत होऊन चालत परत येऊ नये, अशी काही समजूत यामागे असावी, असा तर्क उत्खनन करणाऱ्यांनी मांडला. समजुतीबद्दल वाद घालता येईल; पावले नाहीत ही गोष्ट मात्र सांगाडाच सांगतो.

इनामगावच्या या हाडांना पुढे जे प्रश्न विचारले गेले, ते भारतात मानवी अस्थींच्या अभ्यासाला सुरुवात झाली तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हते. एकोणिसाव्या शतकात दख्खनमधली शिळावर्तुळे, म्हणजे दगडांची वर्तुळे रचलेली प्राचीन दफने, खोदणारे बहुतेक जण लष्करी किंवा मुलकी अधिकारी होते. त्यांचे लक्ष लोखंडी हत्यारांवर, मण्यांवर आणि भांड्यांवर असे, आणि हाडे बहुधा तिथेच राहून भुगा होऊन जात. शोरापूर संस्थानाचा कारभार पाहिलेले मेडोज टेलर हे यातले सन्माननीय अपवाद होते. त्यांनी जेवरगीच्या दगडी राशींखालचे थर काळजीपूर्वक नोंदले आणि तिथल्या काही सांगाड्यांची डोकी धडापासून वेगळी असल्याचेही लिहून ठेवले. मात्र सांगाडा हा स्वतःच एक पुरावा आहे, त्यातून त्या माणसाचे आयुष्य वाचता येते, ही दृष्टी तेव्हा तयार झालेली नव्हती.

हाडांकडे लक्ष वळले ते वंशाच्या प्रश्नामुळे. हर्बर्ट रिस्ली यांनी १९०१च्या जनगणनेच्या निमित्ताने नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर, म्हणजे नासिकांक, हे जातीच्या उच्चनीचतेशी जोडून दाखवण्याचा खटाटोप केला. जिवंत माणसांवर चाललेली ही मोजपट्टी लवकरच कवट्यांवरही फिरू लागली. तमिळनाडूतल्या आदिचनल्लूरला अलेक्झांडर री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खोदकाम केले होते. तिथल्या कवट्या असोत की मोहेंजोदडोतले सांगाडे, अभ्यासकाचे पहिले काम कवटीची लांबी-रुंदी मोजून तिला एखाद्या वंशाच्या खणात बसवणे हेच असे. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांच्या १९३१च्या मोहेंजोदडो अहवालात स्यूएल आणि बी. एस. गुहा यांनी अशीच विभागणी केली, आणि चार-दोन कवट्यांवरून शहराची लोकसंख्या चार वंशांची होती असा निष्कर्ष निघाला. हेच गुहा पुढे १९४५मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे पहिले संचालक झाले, त्यामुळे ही पद्धत संस्थेच्या पायातच घातली गेली.

याच काळात बर्लिनमध्ये एक मराठी संशोधिका कवट्या मोजत होती. इरावती कर्वे यांच्या डॉक्टरेटचा विषय मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली असमानता हा होता आणि त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते. नाझी राजवटीच्या वंशधोरणाला पुढे ज्यांनी शास्त्राचा मुलामा दिला तेच हे फिशर. युरोपीय कवट्यांची घडण इतरांपेक्षा वेगळी निघेल, अशी गुरूची अपेक्षा होती. कर्व्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा कोणताही फरक आढळत नाही, असे लिहून दिले. पुढे त्यांनी स्वतःही भारतात अनेक वर्षे शारीरिक मापे घेतली, हे विसरता येत नाही. पण ज्या हत्याराने वंश सिद्ध करायचा तेच हत्यार नीट वापरले तर वंश हाती लागत नाही, हा अनुभव त्यांनी १९३०च्या आसपासच घेतला होता. १९३९मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या. त्याच वर्षी ह. धी. सांकलियाही तिथे रुजू झाले, आणि १९४०च्या दशकात दोघांनी मिळून गुजरातमधल्या लांघणज येथे मध्याश्मयुगीन सांगाडे शोधून काढले. पुरातत्त्वज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ एकाच खड्ड्यात उतरून काम करत आहेत, हे दृश्य तोवर आपल्याकडे दुर्मीळ होते. डेक्कन कॉलेजात हाडांच्या अभ्यासाची परंपरा टिकली, तिचे मूळ मला या खड्ड्यात दिसते.

वंशाच्या प्रश्नाचा अतिरेक कुठवर जाऊ शकतो, हे मोहेंजोदडोने दाखवले. शहराच्या वरच्या थरांत गल्ल्यांतून आणि खोल्यांतून वेडेवाकडे पडलेले काही सांगाडे सापडले होते. १९४७मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी त्यांचा संबंध आर्यांच्या स्वारीशी जोडला आणि परिस्थितिजन्य पुराव्यावर थेट इंद्राला आरोपी ठरवले. १९६४मध्ये जॉर्ज डेल्स यांनी हे सांगाडे एकाच काळातले नाहीत, शस्त्रे आणि लढाईच्या खुणा मिळत नाहीत, हे दाखवून दिले. त्यानंतर कॉर्नेल विद्यापीठाच्या केनेथ केनेडी यांनी प्रत्यक्ष हाडे तपासली, तेव्हा एखाद-दुसरा अपवाद सोडला तर मृत्यूच्या वेळी झालेल्या घावांचा पुरावा आढळला नाही. दिसल्या त्या रक्तक्षयासारख्या आजारांनी हाडांवर उमटलेल्या खुणा, आणि त्यांचा संबंध केनेडी यांनी मलेरियाशी जोडला. जवळजवळ वीस वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरलेल्या कत्तलीसाठी कुणी हाडांवरचे घाव मोजले नव्हते, ही या शास्त्राच्या इतिहासातली शिकण्यासारखी गोष्ट आहे.

केनेडी यांचे महाराष्ट्राशी नाते जुने होते. नेवाशाच्या उत्खननातल्या सांगाड्यांवर त्यांनी कै. च. मल्होत्रा यांच्यासह लिहिलेला अभ्यास डेक्कन कॉलेजने १९६६मध्ये छापला. त्यातही मापांचे कोष्टक मोठे आहे, कारण शास्त्र अजून कूस बदलत होते. जगभरात १९७०नंतर हा बदल वेगाने झाला. अमेरिकेत जेन बुइकस्ट्रा यांनी १९७७मध्ये मानवी अस्थींच्या पुरातत्त्वीय अभ्यासाला जैवपुरातत्त्व हे नाव दिले आणि सांगाडा हा एका समाजाच्या आहाराचा, श्रमाचा, रोगराईचा दस्तऐवज मानला जाऊ लागला. शेती आली तेव्हा माणसाचे आरोग्य सुधारले की बिघडले, हा प्रश्न १९८४च्या सुमारास ऐरणीवर आला. वंशाच्या खणांपेक्षा तो कितीतरी उपयोगी प्रश्न होता, कारण त्याचे उत्तर हाडांत खरोखर असते.

इनामगावचे सांगाडे नेमके या वळणावर बाहेर आले. ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला आणि तो १९८६मध्ये प्रसिद्ध झाला. वसाहतीचे तीन कालखंड थरांवरून आधीच ठरले होते. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे, आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या गावावरून पडले, कारण या संस्कृतीची भांडी तिथे आधी ओळखली गेली. इथले लोक सातू, मसूर, हुलगा पिकवत, गुरे पाळत. पूर्व जोर्वे काळात चौकोनी घरे आणि पाण्याच्या पाटाची सोय होती. उत्तर जोर्वे काळात घरे लहान आणि गोल झाली, शिकारीचे प्रमाण वाढले. इनामगावच्या उत्खननातले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचा अर्थ असा लावला की इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती परवडेनाशी झाली आणि लोक अर्धभटके झाले.

हे खरे असेल तर त्याची झळ सर्वात आधी मुलांना लागली असणार, आणि मुलांची हाडे तर मडक्यांत जपून ठेवलेली होती. इतर अनेक प्राचीन स्थळांवर तान्ह्यांची हाडे मातीत विरून जातात. इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथे ती मोठ्या संख्येने मिळाली. ही संख्या जगाच्या पाठीवरही दुर्मीळ म्हणावी अशी आहे, आणि ती आपल्याला मिळाली ती केवळ एका दफनविधीमुळे.

लहान मुलाचे वय त्याच्या दातांवरून बरेच नेमके सांगता येते, कारण दात हिरडीखाली ठरावीक क्रमाने घडत असतात. मुलगा की मुलगी हे मात्र हाडांच्या आकारावरून खात्रीने सांगता येत नाही. कमरेच्या हाडांतला तो फरक वयात आल्यावरच स्पष्ट होतो. हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने भरते, पण दातावरचे कठीण कवच एकदा बनले की पुन्हा दुरुस्त होत नाही. म्हणून बाळ दोन महिन्यांचे असताना आलेले आजारपण किंवा उपासमार दातावर कायमची कोरली जाते. लुकाच आणि वाळिंबे यांनी दुधाच्या सुळ्यांच्या पुढच्या बाजूला दिसणाऱ्या बारीक खड्ड्यांकडे विशेष लक्ष दिले. या सुळ्याचा माथा आईच्या पोटात असतानाच घडू लागतो आणि पहिल्या वर्षाच्या आत पूर्ण होतो. त्यामुळे तो खड्डा म्हणजे बाळंतपणाच्या आगेमागे आई आणि मूल दोघांच्या पोषणाची नोंद असते. या खड्ड्यांचे प्रमाण वेगवेगळ्या काळांत मोजून त्यांनी ते हवामान आणि उपजीविका यांतल्या बदलांशी ताडून पाहिले. कुणबिणीच्या ओटीत काय पडत होते, याची बखर कुणी लिहिली नव्हती. ती अशी सुळ्यावर सापडली.

पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच मुलांच्या मांडीच्या हाडांकडे पाहिले. हाडाची लांबी उंचीबद्दल सांगते, तर त्याच्या आडव्या छेदाची जाडी शरीराने पेललेल्या वजनाबद्दल. त्यावरून त्यांनी उत्तर जोर्वे काळातली मुले वयाच्या मानाने खुरटलेली आणि किरकोळ अंगाची होती, असे दाखवले. इथवर ढवळीकरांच्या मांडणीला बळ मिळाल्यासारखे वाटते. परंतु २०११च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मान्सूनचा तो नाट्यमय ऱ्हास नेमका त्याच सुमारास झाला का, हा प्रश्नही उपस्थित केला. मुले उपाशी होती यावर फारसा वाद नाही, ती कशामुळे उपाशी होती यावर आहे. माझ्या मते ही अभ्यासाची निरोगी अवस्था होय, कारण दुष्काळाचे खापर नेहमी पावसाच्या माथी फोडणे सोपे असते, मग तो दुष्काळ आजचा असो वा तीन हजार वर्षांपूर्वीचा.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. मडक्यातले मूल हे मेलेले मूल आहे. जी जगली, मोठी झाली, त्यांची लहानपणची हाडे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून मेलेल्यांच्या हाडांवरून गावातल्या सगळ्या मुलांविषयी बोलणे जपूनच करावे लागते. शिवाय आजाराची खूण हाडावर उमटायला वेळ लागतो. जो झटकन मेला त्याचे हाड स्वच्छ राहते आणि जो झुंजून काही महिने तगला त्याच्या हाडावर व्रण दिसतात. खराब हाड हे कधी कधी चिवट माणसाचे असते. १९९२मध्ये अमेरिकी संशोधकांनी हा विरोधाभास नेमका मांडला, तेव्हापासून हाडांवरचे व्रण मोजून समाज आजारी होता असे सरसकट म्हणण्याला आळा बसला.

सगळेच दफन सारखे नव्हते, हेही इनामगावने दाखवले. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा, माणसाच्या धडासारखा दिसणारा कच्च्या मातीचा रांजण मिळाला. त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष बसवलेल्या अवस्थेत होता आणि त्याची पावले शाबूत होती. तो गावचा मुखिया असावा असे मानले जाते. तसे मानायला हरकत नाही, पण पावले न तोडण्याचा मान त्याला का मिळाला, हे सांगाडा सांगत नाही.

एकाच सांगाड्यातून किती मिळू शकते, याचे उदाहरण राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बालाथलचे आहे. वी. ना. मिश्र यांच्या नेतृत्वाखालच्या उत्खननात तिथे गोवऱ्यांच्या राखेने भरलेल्या दगडी आवारात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक मध्यमवयीन पुरुष मिळाला. २००९मध्ये रॉबिन्स शुग, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आदींनी त्याच्या नाकाभोवतीच्या आणि वरच्या जबड्याच्या हाडांची झीज तपासून त्याला कुष्ठरोग होता असे निदान केले. कुष्ठरोगाचा जगातला सर्वात जुना अस्थिपुरावा म्हणून तेव्हा तो पुढे आला.

हे लोक मुळात कोण होते, हा जुना प्रश्न मात्र दाराबाहेरच उभा होता. तो आता प्राचीन डीएनएच्या रूपाने परत आला आहे. २०१९मध्ये वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरच्या एका स्त्रीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. तिच्यात गवताळ स्तेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश आढळला नाही. त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या, ५२३ प्राचीन व्यक्तींवरच्या अभ्यासाने तो अंश इसवी सनपूर्व २०००नंतर दक्षिण आशियात शिरल्याचे दाखवले. दोन्ही निबंधांत शिंदे यांचे नाव होते आणि दोन्ही एकमेकांना पूरक होते, तरी दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांतून ते परस्परविरोधी पक्षांचे साक्षीदार असल्यासारखे उभे केले गेले. याच प्रश्नावर केनेडी यांनी १९९५मध्ये सांगाड्यांच्या घडणीत आर्य ओळखता येत नाहीत असे लिहिले होते. आजही ते विधान त्याच्या मर्यादेत खोटे ठरत नाही, कारण हाडाची ठेवण आणि जनुके हे दोन वेगळे साक्षीदार आहेत.

राखीगढीचा तो एक आराखडा मिळवण्यासाठी साठाहून अधिक नमुने तपासावे लागले, कारण आपल्या उष्ण आणि दमट हवेत डीएनए टिकत नाही. बहुधा टिकतो तो कवटीतल्या, आतल्या कानाभोवतीच्या अतिशय घट्ट हाडात, आणि तो काढण्यासाठी ते हाड कापून त्याची पूड करावी लागते. दात, मांडीचे हाड, कवटी यांचे निरीक्षण पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला नव्या प्रश्नाने पुन्हा करता येते, जसे शुग यांनी वाळिंब्यांनंतर केले. पूड झालेल्या तुकड्याला तो दुसरा प्रश्न विचारता येत नाही, म्हणून कोणते हाड कापायचे हे ठरवण्याआधी त्याचे फोटो, मापे आणि क्ष-किरण चित्रे पूर्ण करून ठेवणे आता बंधनकारक मानले जाते.