आठवड्याला वीस मुखवटे

धुक्यात पुढच्या ट्रकच्याही पुढे कोणी करकचून ब्रेक मारला, तर तुम्हाला तो दिसत नाही. तुमच्या गाडीला मात्र कळू शकतो. अमेरिकेत आखलेल्या पद्धतीत प्रत्येक गाडी ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला १० वेळा हाकारा देते: मी इथे आहे, वेग इतका, तोंड तिकडे, ब्रेक दाबलेला. साधारण ३०० मीटरवरच्या गाड्यांना तो ऐकू जातो. मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात २०१२ मध्ये सुमारे २,८०० गाड्यांवर याची मोठी चाचणी सुरू झाली.

हा हाकारा कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक भाषेत गुंडाळलेला, नसतो; तसा ठेवून चालणारही नाही. समोरून येणाऱ्या अनोळखी गाडीशी ते कुलूप उघडायच्या किल्ल्यांची देवघेव करत बसलो, तर तोवर ती अंगावर आलेली असेल. पण मग पुलावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या एखाद्या टवाळखोरानं ‘ब्रेक!’ अशी खोटी हाळी दिली तर? म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते आणि सोबत ती सही खरी असल्याचं प्रमाणपत्र.

गोम इथेच आहे. प्रमाणपत्र कायम तेच राहिलं, तर चौकाचौकांत रिसीव्हर लावून कोणीही सांगेल, ही गाडी रोज नऊला निघते आणि गुरुवारी दवाखान्यात जाते. नंबरप्लेट तर उघडीच असते की, असं तुम्ही म्हणाल. पण ती टिपायला कॅमेऱ्यासमोरून जावं लागतं; रेडिओ आडोशामागूनही ऐकतो.

तोडगा बहुरूप्याचा. गाडीला एका आठवड्यासाठी २० प्रमाणपत्रं मिळतात, त्यांवर मालकाचं नाव नाही की गाडीचा नंबर नाही. दर काही मिनिटांनी ती मुखवटा बदलते. मुखवटे देणारं कार्यालय वेगळं, अर्ज घेणारं वेगळं. कोणा एकाकडे पूर्ण हकिगत नाही. गाडी खोटं बोलताना सापडलीच, तर दोन स्वतंत्र कार्यालयांकडचे दुवे जुळवून तिचे पुढचे सगळे मुखवटे बाद करता येतात. गणित असं बेतलंय, की बाद मुखवट्यांच्या यादीवरून तिचे मागचे प्रवास मात्र उलगडत नाहीत. मला यातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

तरी फट राहतेच. २० मुखवटे एकाच वेळी चालत असल्यानं एखादी लबाड गाडी वीस गाड्यांचं सोंग आणून रस्ता तुंबल्याचा भास निर्माण करू शकते. आणि पहाटे तीनला रिकाम्या हमरस्त्यावर मुखवटा बदलून काय होणार? जागा आणि वेग जुळतात, ऐकणाऱ्याला गाडी कळतेच. बदलताना क्षणभर गप्प राहावं, तर नेमक्या त्या क्षणी ती इतरांना दिसेनाशी होते.

गंमत पुढेच आहे. २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी टायरमधले, हवेचा दाब रेडिओवरून कळवणारे सेन्सर तपासले. त्यांचा ओळखक्रमांक उघडा आणि न बदलणारा होता, आणि तो ४० मीटरवरून ऐकता आला.