रोबोट्स डॉट टीएक्सटी टाकली म्हणजे रेट लिमिट लागलं, असं नसतं

ओळखीतला एक जण जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन साइटवर ठेवतो. परवा वैतागून म्हणाला, अरे रात्री कुठले तरी बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) येतात, सगळ्या पीडीएफ ओढतात आणि सकाळी साइट झोपलेली. म्हटलं रेट लिमिट, म्हणजे एकाने किती वेगाने फाइल्स मागायच्या यावर मर्यादा, लावलंयस का, तर म्हणे लावलंय ना, रोबोट्स डॉट टीएक्सटी टाकलीय की! हा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून लिहितोय.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टरने सुचवलेली साधी टेक्स्ट फाइल. क्रॉलर, म्हणजे साइट्स धुंडाळणारा बॉट, आला की आधी ती वाचतो (वाचायची इच्छा असेल तर) आणि कुठे जायचं नाही ते त्याला कळतं. बस. २०२२ मध्ये त्याचं रीतसर स्टँडर्ड झालं, आरएफसी ९३०९ नावाचा दस्तऐवज, आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की हे नियम म्हणजे प्रवेशावरचं बंधन नव्हे. किती वेगाने यायचं याबद्दल तर त्यात काहीच नाही. लोक स्वतःहून क्रॉल-डिले (दोन फेऱ्यांमध्ये किती थांबायचं) नावाची ओळ टाकतात, ती बिंग पाळतं, गूगल पाळत नाही.

रेट लिमिट सर्व्हर स्वतः लावतो. रेशनच्या दुकानासारखं, एका कार्डावर एवढंच. इथे कार्ड म्हणजे बहुतेक वेळा आयपी ॲड्रेस, समोरच्याचा इंटरनेटवरचा पत्ता. कोटा संपला की सर्व्हर ४२९ नंबरचा एरर देतो, म्हणजे 'फार झालं, थांब', आणि किती सेकंदांनी परत ये तेही सांगू शकतो. समोरचा सभ्य आहे की नाही याच्याशी संबंध नाही.

पण कार्डंच खूप असली तर? इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन लायब्ररीचं मे २०२३ मध्ये हेच झालं. तिथल्या कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांच्या ओसीआर (स्कॅनमधून काढलेला मजकूर) फाइल्ससाठी ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या ६४ मशीन्सवरून सेकंदाला अनेक दहा हजार रिक्वेस्ट यायला लागल्या आणि साइट सगळ्यांसाठीच साधारण तासभर बंद पडली. ते पत्ते ब्लॉक केले, तर दोनेक तासांत दुसरे ६४ पत्ते हजर! गंमत म्हणजे त्या फाइल्स फुकटच होत्या, कोणी नाही म्हणालंच नव्हतं, प्रश्न फक्त वेगाचा होता. आणि आपल्याकडची किती तरी जुनी मराठी पुस्तकं त्याच साइटवर आहेत, तेव्हा ती बंद म्हणजे आपलंही वाचन बंद.

उलट बाजूही आहे. कॉलेजच्या वायफायवरून बाहेर जाताना शंभर जणांचा पत्ता एकच दिसू शकतो, मोबाइल नेटवर्कवरही तसंच, मग एकाच कार्डावर अख्खं खटलं जेवतंय असं होतं आणि लिमिट फार कडक ठेवलं तर खरा वाचकच उपाशी राहतो.

रोबोट्सवाली फाइल चुकीची वापरली तरी नुकसानच. आर्काइव्हचंच वेबॅक मशीन, जे वेबसाइट्सच्या जुन्या प्रती जपतं, पूर्वी ती मागच्या तारखेनेही लागू करायचं, म्हणजे एखादी साइट बंद पडली, डोमेन दुसऱ्याने घेतलं, त्याने 'सगळं मना' लिहिलं की जुन्या साइटचा साठवलेला इतिहासही दिसेनासा व्हायचा. शेवटी आर्काइव्हने २०१७ मध्ये जाहीर केलं की अमेरिकन सरकारी आणि लष्करी साइट्ससाठी ती फाइल पाहणं आपण थांबवलंय. मला तरी हे पटतं. पाहुण्याला हाकलायच्या नादात आपण आपलीच वही फाडायची का?

फुकट ई-पुस्तकं देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गने वेगळीच वाट काढलीय. मेन साइट माणसांसाठी, रोबोट दिसला की पत्ता ब्लॉक, पण ज्याला सगळंच हवंय त्याने मिरर साइट्सवरून (त्याच फाइल्सच्या प्रती ठेवलेल्या दुसऱ्या साइट्स) खुशाल न्यावं. मित्रालाही तेच सांगितलं: पीडीएफच्या फोल्डरला रेट लिमिट लाव, रोबोट्सवाली फाइल राहू दे, आणि वर्षावार झिप करून वेगळ्या स्वस्त सर्व्हरवर ठेव. झिपचं ऐकून म्हणाला, पण मग माझे हिट्स कमी होतील ना?