खडे पित्ताशयात, मग घसा कशाला बघता?

गुहागरकडच्या एका बागायतदार काकांनी मला हा प्रश्न विचारला, तोही अर्धवट उघडलेल्या तोंडाने. ऑपरेशन दुर्बिणीतून, पित्ताशयाचं. प्रश्न रास्तच होता.

भूल म्हणजे झोपेचं इंजेक्शन एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषधही देतो आणि त्याने श्वास थांबतो. मग श्वासनलिकेत ट्यूब घालून श्वास आम्ही द्यायचा. आधी तीनेक मिनिटं मास्कने ऑक्सिजन भरून घेतला, तर धडधाकट माणसाकडे काही मिनिटांची शिल्लक असते. लठ्ठ माणूस किंवा गरोदर बाई असेल तर ती भराभर संपते. तेवढ्यात ट्यूब जायला हवी. ती सहज जाईल का, याचा अंदाज आदल्या दिवशीच घ्यायचा असतो, आणि त्याला लागतात फक्त डोळे, बोटं आणि एक बॅटरी.

‘आ करा, जीभ बाहेर, आवाज नको.’ पडजीभ आणि टाळूच्या कमानी दिसल्या तर पहिला वर्ग. नुसता कडक टाळूच दिसला तर चौथा, म्हणजे ट्यूब अवघड जाण्याची शक्यता जास्त. मूळचे आंध्रचे, अमेरिकेत काम करणारे भूलतज्ज्ञ मल्लमपट्टी यांनी 1985 साली 210 रुग्णांवरचा अभ्यास छापला, तेव्हा वर्ग तीनच होते. चौथा दोन वर्षांनी इतरांनी जोडला. मग मान मागे टाकायला लावून हनुवटी ते कंठमणी अंतर मोजायचं. सहा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं की सावध व्हायचं. खालच्या दातांनी वरचा ओठ चावायला सांगितलं की लोक हसतात, पण जबडा पुढे किती सरकतो ते त्यातून कळतं. जुना मधुमेह असेल तर नमस्कार करायला लावतो. तळवे नीट जुळले नाहीत, तर मानेचे सांधेही ताठ झाले असण्याची शक्यता असते. दाढी, हलणारे दात, कवळी हेही बघायचंच.

काकांचं गाडं पहिल्याच पायरीवर अडलं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत, त्यांची जेमतेम दीड गेली. ‘सुपारी?’ ‘घरच्या बागेतली हो. तंबाखूला शिवत नाही.’

आपल्याकडे रोठा सुपारीचं कौतुक फार, मलाही आहे. पण तंबाखू नसली तरी सुपारी निरुपद्रवी ठरत नाही. तिच्यातल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल चामड्यासारखा होतो, तिखट झोंबू लागतं, तोंड वर्षागणिक मिटत जातं. दाढेच्या दुखण्याने आवळलेला जबडा भुलीत बऱ्याचदा सैल पडतो. हे तंतू मात्र स्नायू नव्हेत, त्यांच्यावर आमचं औषध चालत नाही. म्हणजे भूल दिल्यावरही तोंड दीड बोटच उघडणार.

इतका उघड इशारा रोज मिळत नाही. डेन्मार्कमध्ये 1,88,064 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ट्यूब घालणं अवघड गेलेल्यांपैकी 93 टक्क्यांबाबत आधी कुणालाच शंका आली नव्हती. आणि ‘अवघड जाईल’ म्हटलेल्यांपैकी खरोखर अवघड निघाले चौथाई. तरी मी तपासणी सोडत नाही, कारण तिच्यावरून उद्याच्या टेबलावर काय काय मांडून ठेवायचं ते ठरतं. सगळं ठीक दिसलं तरी दुसरा मार्ग हाताशी ठेवतोच.

काकांना जागं ठेवूनच, नाक आणि घसा बधिर करून, लवचिक दुर्बिणीवरून नाकातून ट्यूब घातली. झोपवलं त्यानंतर. घरी जाताना ‘ट्यूब घालणं अवघड, कारण आणि वापरलेली पद्धत’ असं लिहिलेला कागद हातात दिला आणि पुढच्या कुठल्याही ऑपरेशनआधी तो दाखवायला बजावलं. काकूंनी तो नीट घडी करून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवला.