९० मिलिग्रॅमची रेघ : जुनाट वेदनेच्या औषधांवरील मर्यादेची पार्श्वभूमी

जुनाट दुखण्याच्या रुग्णाला घरचे सांगतात आणि डॉक्टरही सांगतात, ‘गोळ्यांची सवय लागेल.’ या ‘सवय’ शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. काही महिन्यांनी तोच डोस अपुरा पडू लागतो, ही पहिली. औषध अचानक थांबवलं की घाम, जुलाब, अंगदुखी आणि बेचैनी सुरू होते, ही दुसरी. नुकसान दिसत असूनही माणूस औषधामागे धावतो आणि त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो, ही तिसरी. व्यसन म्हणायचं ते हिलाच. ओपिऑइड गटाचं, म्हणजे अफूपासून बनलेलं किंवा तिच्यासारखं काम करणारं, वेदनाशामक बराच काळ रोज घेतलं की पहिल्या दोन गोष्टी जवळपास कुणाच्याही शरीरात घडतात. तिसरी त्यातल्या काहींच्याच वाट्याला येते. अमेरिकेत याबाबतची धोरणं आधी एका टोकाला गेली, मग दुसऱ्या. दोन्ही वेळा ही सरमिसळ मुळाशी होती.

अफूपासून मॉर्फिन वेगळं काढलं गेलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १८९८ मध्ये हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आलं. व्यसनाचं प्रमाण दिसल्यावर कायदे कडक झाले, आणि पुढची कित्येक दशकं कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फिन हात राखूनच मिळत असे. १९८६ मध्ये जागतिक पातळीवर तीन पायऱ्यांची पद्धत मांडली गेली : आधी साधी वेदनाशामकं, मग सौम्य ओपिऑइड, मग तीव्र. ती कॅन्सरच्या वेदनेसाठी होती. पुढे तीच शिडी पाठदुखी आणि सांधेदुखीलाही लावली गेली.

शिडी अशी ताणण्याला आधार मिळाला तो १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाच वाक्यांच्या पत्राचा. ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांत, व्यसनाच्या फक्त ४ नोंदी सापडल्या, असं त्यात होतं. हे सगळे रुग्णालयात भरती असलेले रुग्ण होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं. २०१७ मध्ये कुणीतरी चिकाटीने मोजलं तेव्हा या पत्राचे ६०८ संदर्भ सापडले, आणि त्यातल्या सुमारे ८० टक्के लेखकांनी ‘भरती असलेले रुग्ण’ हा तपशील गाळला होता. १९९६ मध्ये दीर्घ काळ परिणाम करणारी एक ओपिऑइड गोळी बाजारात आली. औषध सावकाश शोषलं जात असल्याने गैरवापराची शक्यता कमी असल्याचं मानलं जातं, अशा अर्थाचं वाक्य तिच्या अधिकृत माहितीपत्रकात होतं. याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा उत्पादक कंपनीने २००७ मध्ये कबूल केला. तोवर ‘वेदना ही पाचवी मूलभूत नोंद’ ही घोषणा रुग्णालयांच्या तपासणी-निकषांपर्यंत पोचली होती. नाडी, तापमान, श्वास आणि रक्तदाबाच्या ओळीत वेदनेचाही आकडा लिहिला जाऊ लागला.

दुसऱ्या औषधांचा रस्ताही निर्धोक नव्हता. पोटाला त्रास होऊ नये म्हणून बनवलेलं, १९९९ मध्ये आलेलं एक लोकप्रिय दाहशामक (सूज आणि दुखणं कमी करणारं औषध) हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. वृद्ध रुग्णांना दाहशामकाऐवजी ओपिऑइड देण्याकडे कल वाढला, त्यामागे ही भीतीही होती.

२०१२ मध्ये अमेरिकेत ओपिऑइडच्या २५ कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. या औषधांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे आकडे समोर होते, आणि काहीतरी करायला हवंच होतं. २०१६ मध्ये तिथल्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेने बारा शिफारशींची मार्गदर्शक सूचना काढली. डोस दिवसाला ५० मिलिग्रॅमपर्यंत नेताना पुन्हा विचार करा, आणि ९० किंवा त्याहून वर नेणं टाळा, नाहीतर त्यामागचं कारण नीट तपासा, असं तिच्यात होतं. सूचना प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी होती. कॅन्सरवर उपचार चालू असलेले आणि अखेरच्या टप्प्यातले रुग्ण तिच्यातून वगळले होते. ‘टाळा’ हा शब्द डोस वाढवण्याबद्दल होता. आधीपासून १२० वर असलेल्याला ओढून ९० वर आणा, असं त्यात म्हटलेलं नव्हतं.

हे ९० म्हणजे तरी काय? मिलिग्रॅम मॉर्फिनचे, आणि बाकी औषधं गुणक लावून मॉर्फिनच्या मापात बसवायची. ऑक्सिकोडोनला दीड, कोडीनला ०.१५, ट्रॅमाडॉलला ०.१. कागदावर सोपं वाटतं. पण कोडीनचं मॉर्फिन यकृतात होतं, आणि ते किती वेगाने होईल हे आनुवंशिकतेवर ठरतं. ट्रॅमाडॉलचा काही परिणाम तर ओपिऑइडच्या मार्गाने होतच नाही. वेदना शमवण्यातली बरोबरी ही श्वास मंदावण्यातली बरोबरी नसते, आणि अतिमात्रेत जीव जातो तो श्वास मंदावल्याने. २०२२ मध्ये ट्रॅमाडॉलचा गुणक ०.१ चा ०.२ झाला. दिवसाला ४०० मिलिग्रॅम घेणारा रुग्ण ४० वरून ८० वर पोचला. गोळी तीच होती, शरीरही तेच होतं.

धोका डोसबरोबर वाढतो, यात वाद नाही. त्याच सूचनेत दिलेल्या अभ्यासांनुसार २० पेक्षा कमी डोसच्या तुलनेत ५० ते १०० च्या टप्प्यात अतिमात्रेचा धोका सुमारे दुप्पट ते साडेचारपट होतो. पण ८९ ला सुरक्षित आणि ९१ ला घातक, असा कडा या चढात कुठेच नाही. बहुतेक शिफारशींमागचा पुरावा कमकुवत असल्याचंही त्या दस्तऐवजातच नोंदवलेलं होतं. विमा कंपन्या, औषधदुकानांच्या साखळ्या आणि काही राज्यांचे नियम यांनी मात्र आकडा तेवढा उचलला. वर्षानुवर्षं एका डोसवर स्थिर असलेल्या, कामावर जाणाऱ्या माणसांची औषधं काही आठवड्यांत निम्मी झाली, काहींची एका भेटीत बंद. ज्यांच्यात पहिली आणि दुसरी ‘सवय’ होती, त्यांना तिसरीची शिक्षा मिळाली, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्राच्या वेळी भरती रुग्णांचा निष्कर्ष घरच्या रुग्णांना लावला गेला होता. या वेळी डोस वाढवण्याबाबतचा सल्ला आधीच वाढलेल्या डोसना लावला गेला.

२०१९ मध्ये औषध नियामकाने अचानक औषध तोडण्याविरुद्ध इशारा दिला : तीव्र त्रास, अनावर वेदना, आत्महत्या. त्याच वर्षी सूचना लिहिणाऱ्यांनीही तिचा गैरअर्थ लावला जात असल्याचं लेख लिहून सांगितलं. औषध सुटलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मग जुना डोसच जीवघेणा ठरू शकतो. डोस घटवलेल्या रुग्णांत अतिमात्रा आणि मानसिक आणीबाणीचं प्रमाण जास्त आढळल्याचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला.

याचा अर्थ ओपिऑइड जुनाट वेदनेवर उत्तम काम करतात, असा नाही. पाठ, गुडघा किंवा खुब्याच्या दुखण्याच्या २४० रुग्णांवर वर्षभर केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओपिऑइड इतर औषधांपेक्षा सरस ठरले नाहीत. नव्या रुग्णाला ते सुरू न करण्याचं हे चांगलं कारण आहे. दहा वर्षं ते घेत असलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता.

२०२२ च्या सुधारित सूचनेत शिफारशींच्या मजकुरातून ९० चा आकडा काढला गेला. ही सूचना कायद्यासारखी वापरू नये, असंही तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण आधीच्या सूचनेवरून बनलेले राज्यांचे आणि विमा कंपन्यांचे नियम तिच्यामुळे आपोआप रद्द झाले नाहीत. ते ज्याचे त्यानेच बदलायचे होते.