परीकथांची पुनर्कथनं : ‘मूळ’ गोष्ट नेमकी कोणती?

जुन्या परीकथेवर किंवा महाकाव्यावर नवी कादंबरी, नवा चित्रपट आला की एक तक्रार हमखास ऐकू येते : मूळ गोष्टीची मोडतोड केली. पण या गोष्टींचा इतिहास चाळला, तर ‘मूळ’ म्हणून बोट ठेवावं अशी जागा सहसा सापडत नाही.

शकुंतलेचंच घ्या. दुर्वासांचा शाप, अंगठी, मासा हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते कालिदासाच्या नाटकामुळे. महाभारताच्या आदिपर्वात यातलं काहीच नाही. तिथे दुष्यंताला सारं आठवत असतं. लोक संशय घेतील म्हणून तो भरसभेत ओळख नाकारतो, आणि शकुंतला त्याला तिथल्या तिथे खडे बोल सुनावते. आकाशवाणी झाल्यावर तो तिला स्वीकारतो. कालिदासाने शाप आणून राजाला दोषमुक्त केलं. नाटक अजोड आहे, यात वाद नाही. पण त्या बदलात आदिपर्वातल्या शकुंतलेची धार गेली, असं मला वाटतं.

युरोपात ‘रेड रायडिंग हूड’चं, म्हणजे आजीकडे निघालेल्या आणि वाटेत लांडगा भेटलेल्या मुलीच्या गोष्टीचं, असंच झालं. शार्ल पेरोने १६९७ मध्ये फ्रेंचमध्ये ती छापली, तेव्हा लांडगा आजीला खातो, मग नातीलाही खातो आणि गोष्ट तिथेच संपते. खाली पद्यात तात्पर्य : गोडबोल्या लांडग्यांपासून तरुण मुलींनी जपून राहावं. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये जर्मनमध्ये छापलेली गोष्ट त्यांना मिळाली ती फ्रेंच मुळं असलेल्या हासेनफ्लुग घराण्यातल्या मुलींकडून. तिच्यात शिकारी येतो, लांडग्याचं पोट फाडून दोघींना बाहेर काढतो. आणि ‘वाट सोडू नकोस’ असं आईने आधीच बजावलेलं असतं. म्हणजे पुस्तकात आल्यावर मुलीच्या वाट्याला एक तर मरण आलं, नाही तर दुसऱ्याने केलेली सुटका.

खेड्यापाड्यांत मात्र वेगळंच सांगितलं जात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये टिपून घेतलेल्या एका लोककथेत मुलगी ‘मला बाहेर जायचंय’ असं सांगते. लांडगा तिच्या पायाला दोरा बांधून तिला सोडतो. ती बाहेर येऊन तोच दोरा झाडाला बांधते आणि घर गाठते. ही तोंडी परंपरा पेरोच्याही आधीची असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. इंग्रज लेखिका अँजेला कार्टरने १९७९ मध्ये लांडग्यासमोर न घाबरता हसणारी मुलगी उभी केली तेव्हा ते बंड वाटलं; पण धीट, हिकमती मुलगी त्या लोककथेत आधीपासूनच होती.

ग्रिम बंधू स्वतःच्या गोष्टीही बदलत राहिले. १८५७ पर्यंत त्यांनी संग्रहाच्या सात आवृत्त्या काढल्या. पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ पासून तिची सावत्र आई झाली. त्यांच्या रूढ आवृत्तीत शवपेटी नेणारे अडखळतात, घशातला सफरचंदाचा तुकडा उडतो आणि ती जागी होते. राजपुत्राच्या चुंबनाने तिला जागं केलं ते १९३७ च्या डिस्नेच्या चित्रपटाने, आणि आज बहुतेकांना तेच ‘मूळ’ वाटतं.

पुढे प्रश्न बदलला : गोष्ट कोणाच्या तोंडून ऐकायची? मराठीत १९६७ हे त्या दृष्टीने मोठं वर्ष. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या व्यक्तींकडे हाडामांसाची माणसं म्हणून पाहिलं, तर शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाची कहाणी स्वतः कर्ण, कुंती, वृषाली अशा वेगवेगळ्या आवाजांतून उभी केली. कॅनेडियन लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुडने २००५ मध्ये होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याची गोष्ट नायक ओडिसियसच्या बायकोला, पेनेलोपीला सांगायला लावली. होमरच्या काव्यात ओडिसियस परतल्यावर बारा दासींना फासावर चढवलं जातं, आणि काही ओळींत तो प्रसंग संपतो. अ‍ॅटवुडने त्या बाराजणींचा, ग्रीक नाटकात असतो तसा कोरस, म्हणजे एका सुरात बोलणारा-गाणारा समूह, केला, आणि आम्हाला का मारलं, हे त्यांनाच विचारू दिलं.