कैदी मातांपासून मुलांची ताटातूट (भारत)

तुरुंगात आईजवळ राहणारे मूल ठरावीक वयाचे झाले की त्याला बाहेर पाठवण्याची पद्धत. भारतात ही मर्यादा सहा वर्षांची आहे. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी ती देशभर लागू केली.

मूल आत का राहू नये, याची कारणे न्यायालयापुढे तपशिलाने आली होती. केवळ स्त्रियांच्या बराकीत वाढलेले मुलगे स्वतःविषयी कधीकधी स्त्रीलिंगी बोलतात. आईबरोबर कोर्टात जाताना रस्त्यावर जनावर दिसले, तरी ही मुले घाबरतात. हे वाचल्यावर मर्यादेला विरोध करणे कठीण जाते. तरीही, ज्या मुलाला आईखेरीज जगच ठाऊक नाही, त्याला तारीख बघून तिच्यापासून तोडणे क्रूरच आहे.

निकालानुसार मूल हे कैदी नव्हे. प्रसूती शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावी आणि जन्मदाखल्यावर तुरुंगाचे नाव येऊ नये. आत पाळणाघर व बालवाडी असावी. सहा वर्षांनंतर मूल आईच्या इच्छेप्रमाणे योग्य व्यक्तीकडे किंवा समाजकल्याण खात्याच्या संस्थेत जावे. संस्था शक्यतो त्याच गावात असावी आणि आठवड्यातून किमान एकदा मायलेकरांची भेट व्हावी.

खरी अडचण या भेटीत आहे. तुरुंग लांब असला की मुलाला घेऊन येणाऱ्याचा रोज बुडतो, गाडीभाडे वेगळेच. गुन्हा सासरच्या माणसाविरुद्धचा असेल, तर मूल सांभाळणारे घरच आईचे नाव टाकते. अटकेच्या दिवशी जी मुले सहा वर्षांहून मोठी असतात, त्यांची ताटातूट तर त्याच क्षणी होते आणि तिची चर्चा फारच कमी होते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो. महाराष्ट्र कारागृह विभागाच्या ‘गळाभेट’ उपक्रमात मुलांना पालकाला प्रत्यक्ष बिलगता येते. एरवीची मुलाखत जाळी किंवा काचेआडून होते.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१० मध्ये स्वीकारलेले, स्त्री कैद्यांच्या वागणुकीविषयीचे बँकॉक नियम वयाची सरसकट रेघ ओढत नाहीत. प्रत्येक मुलाचे हित स्वतंत्रपणे पाहावे, पर्यायी सांभाळाची सोय झाल्यावरच त्याला हलवावे, आणि लहान मुलांच्या आईला शक्य तेथे तुरुंगाबाहेरचीच शिक्षा द्यावी, असे ते सांगतात. भारताला यातला शेवटचा मुद्दा सर्वांत लागू पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस १,५३७ स्त्रिया १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. त्यांतल्या बहुतेक न्यायाधीन, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेल्या. गंभीर आरोपातही स्त्रीला जामीन देण्याची मुभा कायद्यात आहे. पण जामीनदार मिळत नाही, म्हणून अनेकींची मुले आतच वाढतात.