जुन्या व्हॅनचे कॅम्पर झाले, पण लॉगबुकात बदल का होत नाही?

ब्रिटनमध्ये जुनी मालवाहू व्हॅन विकत घेऊन तिच्यात स्वतःच्या हाताने पलंग, ओटा आणि कपाटे बसवण्याचा छंद अनेकांना आहे, आणि त्यांत इथली काही मराठी कुटुंबेही आहेत. सुतारकाम जमते, वायरिंगही शिकून घेता येते. घोडे अडते ते स्वान्सीच्या डीव्हीएलए या वाहन नोंदणी कार्यालयाकडून येणाऱ्या उत्तरापाशी. व्ही५सी म्हणजे लॉगबुकात ‘बॉडी टाइप’पुढे ‘पॅनल व्हॅन’ असे लिहिलेले असते, ते बदलून ‘मोटर कॅरॅव्हॅन’, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, असे व्हावे म्हणून लोक अर्ज करतात, आणि परत आलेल्या लॉगबुकात ‘खिडक्यांची व्हॅन’ अशा अर्थाची नोंद पाहून हताश होतात. आत चार माणसे झोपतील, स्वयंपाक होईल अशी सोय असताना असे उत्तर का यावे, हे समजून घेतले तर निदान अर्ज करायचा की नाही, याचा निर्णय तरी शहाणपणाने घेता येतो.

डीव्हीएलएची भूमिका अशी आहे की, बॉडी टाइप म्हणजे वाहन रस्त्यावरच्या रहदारीत कसे दिसते याचे वर्णन. पोलिसांना किंवा अपघाताच्या साक्षीदाराला ते बाहेरून ओळखता आले पाहिजे. त्यामुळे आतील सोयी आवश्यक असल्या, तरी अर्जाचा निकाल बहुधा बाहेरच्या रूपावरच लागतो. नेमके हेच अर्जदारांच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांचा सारा पैसा आणि सारी हौस आतल्या बाजूवर खर्ची पडलेली असते.

बाहेरून जे कायमस्वरूपी दिसायला हवे, ते असे: वाहनाच्या मुख्य भागाला निदान एका बाजूला दोन किंवा अधिक खिडक्या, आणि त्यांत चालकाच्या व शेजारच्या दाराच्या काचा धरल्या जात नाहीत; राहण्याच्या भागात जाण्यासाठी स्वतंत्र दार; दोन्ही बाजूंना मोटर कॅरॅव्हॅनला शोभेल असे रंगीत चित्रांकन; कोणत्या तरी एका बाजूला छत्रपट, म्हणजे ऑनिंग, लावण्याची पट्टी; आणि उंच स्थिर छप्पर. शेवटच्या अटीवर सर्वाधिक अर्ज अडखळताना मी पाहिले आहेत. थांबल्यावर वर उचलले जाणारे पॉप-टॉप छप्पर या अटीत बसत नाही, हे मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट लिहिलेले आहे, तरीही पॉप-टॉपवर मोठी रक्कम खर्च करून झाल्यावरच अनेक जण ती सूचना वाचतात. सरकत्या दाराला खिडकी असेल, तर ती मात्र खिडक्यांच्या गणतीत धरली जाते. चित्रांकनाच्या अटीबद्दल काय बोलावे? वाहन राहण्यायोग्य आहे की नाही हे त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून जोखणे कोणाला सुचले असेल, असा प्रश्न पडतो. परंतु अट आहे, आणि एखाद-दुसरे लक्षण असले की भागेल असे गृहीत धरून पाठवलेला अर्ज बहुधा परतच येतो.

आतल्या बाजूला चार गोष्टी लागतात: टेबलासह आसने, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याचे किमान एक कपाट. या साऱ्यांत कळीची बाब एकच, ती म्हणजे या गोष्टी वाहनाच्या जमिनीला किंवा बाजूच्या भिंतीला कायमच्या जखडलेल्या असाव्यात. पलंगाचा सांगाडा बोल्ट, रिव्हेट, स्क्रू किंवा वेल्डिंगने पक्का केलेला लागतो. आसनांचा पलंग होत असेल तर तोही चालतो. टेबल काढून ठेवता येणारे असले तरी चालते, पण ते ज्यावर बसते ती पकड स्थिर हवी. स्वयंपाकासाठी एका बर्नरची शेगडी किंवा मायक्रोवेव्हसुद्धा पुरतो. मात्र सहलीला नेतो तशी सुटी गॅस शेगडी कपाटात ठेवून तिचा फोटो पाठवला, तर तो विचारात घेतला जाणार नाही. गॅसची टाकी शेगडीपासून दूर असेल, तर तिची नळीही वाहनाच्या अंगाला कायमची बांधलेली असावी लागते. गॅसचे काम जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा, हे अर्जासाठी नव्हे, तर आत झोपणाऱ्यांसाठी सांगतो.

अर्जाला शुल्क नाही. व्ही१००६ ही तपासणी यादी भरायची, लॉगबुकातील बदलाचा भाग भरायचा, सोबत छायाचित्रे जोडायची आणि सारे टपालाने स्वान्सीला पाठवायचे. वरवर सोप्या दिसणाऱ्या या कामात दोन ठिकाणी माणसे अडकतात.

पहिले ठिकाण म्हणजे स्वतःच्या नावाचे लॉगबुक. व्हॅन नुकतीच विकत घेतलेली असते, हातात फक्त नव्या मालकाला मिळणारी हिरवी चिठ्ठी असते, आणि उत्साहाच्या भरात तीच जोडून अर्ज धाडला जातो. नवे लॉगबुक आपल्या नावावर येईपर्यंत थांबणे हाच त्यावरचा मार्ग आहे. जुन्या व्हॅनच्या बाबतीत विक्रेत्याकडेच लॉगबुक नसल्याचेही आढळते. तेव्हा व्ही६२ अर्ज करून ते नव्याने काढावे लागते आणि त्याचे २५ पौंड पडतात. लॉगबुक नसलेली व्हॅन स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने ती स्वस्त का मिळते, याचा आधी विचार करावा. मूळ लॉगबुक टपालाने जात असल्यामुळे पाठवण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवावी.

दुसरे ठिकाण छायाचित्रांचे. लोक संध्याकाळच्या मंद दिव्यांत, उशा-अभ्रे मांडून, घर विकायला काढल्यासारखे सुंदर फोटो पाठवतात. तपासणाऱ्याला हवे असतात ते बोल्ट. गादी उचलावी, फळी बाजूला करावी, आणि सांगाडा जमिनीला कुठे जखडला आहे ते जवळून टिपावे. बाहेरून चारही बाजूंचे फोटो दिवसाउजेडी, नंबरप्लेट वाचता येईल असे काढावेत. चॅसिस क्रमांकाचा फोटो काढताना फ्लॅशमुळे धातूची पट्टी चकाकून निम्मे अंक पुसले जातात, म्हणून फ्लॅश बंद करून, तिरप्या कोनातून तो काढावा आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक अक्षर लॉगबुकाशी ताडून पाहावे.

याउलट, जे कागद मागितलेलेच नाहीत त्यांच्यामागे धावण्यात अनेकांचे दिवस जातात. स्वतः केलेल्या रूपांतरासाठी अभियंत्याचे प्रमाणपत्र त्या यादीत नाही. ते मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. वेळेबाबतही गैरसमज असतो: ‘आधी मंजुरी, मग काम’ असा हा प्रकार नव्हे. रूपांतर पूर्ण झाल्यावरच अर्ज करायचा असतो, आणि अर्धवट काम दाखवून ‘उरलेले लवकरच करू’ असे पत्र जोडण्याचा काहीही उपयोग होत नाही.

आता, नकार आला म्हणून व्हॅन बेकायदा ठरत नाही, हे ठामपणे सांगायला हवे. त्या व्हॅनमधून प्रवास करता येतो, तिच्यात झोपता येते, आणि उणिवा दूर करून पुन्हा अर्जही करता येतो. विम्यासाठी नोंद बदललीच पाहिजे, असेही नाही. स्वतः केलेल्या कॅम्परचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना ही अडचण पुरती ठाऊक आहे, आणि त्या बहुधा आतील सोयींचे फोटो मागतात. मात्र रूपांतराची माहिती विमा कंपनीपासून लपवू नये, कारण दावा नाकारायला तेवढे कारण पुरते.

वेगमर्यादेचा गुंता मात्र खरा आहे. मोठ्या व्हॅनला राष्ट्रीय वेगमर्यादेच्या, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ६० मैल अशी मर्यादा आहे, तर रिकामे वजन ३.०५ टनांपर्यंत असलेल्या मोटर कॅरॅव्हॅनला ती अनुक्रमे ६० आणि ७० आहे. कायद्यातली मोटर कॅरॅव्हॅनची व्याख्या कायम बसवलेल्या राहण्याच्या सोयींवर आधारलेली आहे, अंगावरच्या चित्रांवर नव्हे. पण लॉगबुकात व्हॅन लिहिलेली असताना दंडाची नोटीस आली, तर ती व्याख्या सिद्ध करून दाखवण्याचा ताप आपल्यालाच होतो. जोवर नोंद बदललेली नाही, तोवर व्हॅनची मर्यादा पाळणे सोयीचे.

भारतातून आलेल्यांनी परवान्याकडे विशेष लक्ष द्यावे. इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिनेच भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते, आणि तो बदलून इथला परवाना मिळत नाही. तात्पुरता परवाना काढून परीक्षा द्यावीच लागते. १ जानेवारी १९९७ पासून पुढे मिळालेल्या साध्या कार परवान्यावर डिझेल व्हॅनच्या बाबतीत भारासह कमाल ३,५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते. त्याहून मोठी जुनी गाडी स्वस्तात दिसली, तरी हा आकडा आधी पाहावा. काम संपल्यावर पाण्याची टाकी भरून, सामान आणि माणसांसह व्हॅन एकदा वजनकाट्यावर उभी करावी. प्लायवूड, बॅटऱ्या आणि पाणी मिळून किती भार होतो, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो.

लंडनमध्ये किंवा आसपास राहणाऱ्यांनी तर व्हॅन घेण्यापूर्वीच तिचे उत्सर्जन मानक तपासावे. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर शुल्क आकारणारे क्षेत्र, लंडनच्या सर्व बरोंना (स्थानिक प्रशासकीय विभागांना) लागू झाले आहे, आणि डिझेल व्हॅन युरो ६ मानकाची नसेल, तर तिथे ती चालवल्याच्या प्रत्येक दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. लॉगबुकात ‘मोटर कॅरॅव्हॅन’ असे लिहून आणले, तरी या शुल्कातून सुटका नाही. ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या तिथल्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकला की उत्तर लगेच मिळते; ते विक्रेत्याला बयाणा देण्याआधी पाहावे.